आंबेमोहराच्या राखणीला फ्रान्सची मंडळी

मार्गासनीच्या वरच्या अंगाला, डोंगराला पाठ टेकून आमची वाडी बसली आहे. घरं मोजायला घेतली तर कपातला चहा गार व्हायच्या आत मोजून होतात. भांडणं मोजायला घेतली तर मात्र मुक्कामालाच यावं लागेल. आणि त्या भांडणांतला निम्माअधिक वाटा एकट्या साळूबाईचा.

साळूबाईनं साठी कधीच ओलांडली. किती वर्षांमागं, ते विचारायची कुणाची छाती नाही. अंगानं वाळक्या शेंगेसारखी, आवाज मात्र असा, की तिनं ओट्यावरून हाक मारली तर समोरच्या टेपाडावर चरणारी म्हैससुद्धा मान वर करून आपलं काय चुकलं ते आठवू लागते. नवरा गेला, लेक उत्रोलीला दिली. आता घरात ती आणि एक मांजर. तेही तिच्याशी वाद घालायच्या भानगडीत पडत नाही. शेजारी पुतण्या हनुमंत, त्याची बायको मंगल आणि त्यांची शेफाली. शेफाली पुण्याला राहून फ्रेंच शिकते. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा साळूबाईनं एवढंच विचारलं होतं, "का गं, तिकडचं स्थळ आलंय व्हय?"

साळूबाईला एक खोड आहे. काळा दोरा. भैरवनाथाच्या यात्रेत ती दोऱ्याची अख्खी गुंडी देवाच्या पायाला लावून आणते आणि मग वर्षभर दिसेल त्याला बांधत सुटते. म्हशीच्या गळ्याला, हनुमंताच्या ट्रॅक्टरला, विहिरीवरच्या मोटारीला, मंगलच्या मिक्सरला. एकदा तिनं रस्त्यावरच्या नव्या दिव्याच्या खांबाला बांधला. वाडीतले बाकीचे दिवे गेले, तो एक अजून जळतोय. त्यामुळं तिला कुणी काही म्हणायची सोयच राहिली नाही.

तिची खरी दौलत म्हणजे रानाच्या कडेचं एक खाचर. सगळी वाडी भाताला इंद्रायणी लावते. साळूबाई एकटी आंबेमोहर लावते. सासूनं तिच्या ओटीत घातलेलं बियाणं. दर साली तेच राखायचं, तेच पेरायचं. रोप उंच होतं, वाऱ्यानं लोळतं, उतारा कमी. पण हा भात चुलीवर चढला की वास चार घरं ओलांडतो, आणि एरवी साळूबाईशी अबोला धरलेली माणसंही वाटीभर विरजण मागायच्या निमित्तानं तिच्या दारात येतात. भैरवनाथाच्या उत्सवाला नैवेद्याचा भात याच खाचरातला. हे तिच्या आजेसासूपासून चालत आलेलं.

पण वासाची आवड काही माणसांनाच असते असं नाही. दाण्यात दूध भरलं की रानातून डुकरं उतरतात, आणि इंद्रायणीची खाचरं बाजूला ठेवून थेट साळूबाईकडं जातात. गेल्या साली त्यांनी असा काही उच्छाद मांडला की देवाला इंद्रायणीचा नैवेद्य गेला. देव काही बोलला नाही. साळूबाई मात्र त्या आठवड्यात कुणाशीच भांडली नाही, आणि वाडी घाबरली. चिखलात उरलेल्या लोंब्या तिनं वाकून वाकून वेचल्या, वाळवल्या आणि यंदा सगळ्याच्या सगळ्या पेरल्या. मागं मूठभरही ठेवलं नाही. म्हणजे यंदाचं खाचर डुकरांनी नेलं की तिच्या घरचा आंबेमोहर कायमचा संपला. ही गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती. फक्त मंगलला सांगितली होती, म्हणजे वाडीला पाठ होती.

राखणीचे सगळे उपाय करून झाले होते. जुन्या साड्यांचं कुंपण झालं. त्यात साळूबाईची लग्नातली हिरवी साडीही उभी राहिली. तारेला रिकाम्या बाटल्या टांगून झाल्या. विंझरच्या सलूनमधून माणसांच्या केसांचं पोतं आणून बांधावर पसरून झालं. त्यावर माऊली म्हणाला, "वयनी, आता डुकरं भांग पाडून येतील." माऊली म्हणजे वाडीच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो तो. सुरात पक्का, जिभेला हाड नाही.

शेवटी हनुमंतानं स्पीकर आणला. आजकाल सगळेच लावतात. पेनड्राइव्हवर कुत्र्यांचं भुंकणं भरून घ्यायचं, बांधावर बॅटरीवर लावून द्यायचं आणि घरी येऊन जेवायचं. पहिल्यांदा डुकरं बिचकली. मग त्यांच्या लक्षात आलं की ही कुत्री नुसती बोलणारी आहेत. वाडीतल्या खऱ्या कुत्र्यांच्या मात्र ते लक्षात आलं नाही. ती सगळी त्या स्पीकरला उत्तरं देत घसा फोडत राहिली. पेनड्राइव्ह ओळखू यावा म्हणून साळूबाईनं त्याला काळा दोरा बांधला होता.

आता शनिवारी शेफाली सुट्टीला आली. हनुमंताच्या घरी टीव्हीखालच्या फळीवर, कुत्र्यांचा पेनड्राइव्ह असायचा तिथंच, तिनं आपला पेनड्राइव्ह ठेवला. पोर पुण्यात एकटी राहते म्हणून तिच्या पिशवीपासून पेनड्राइव्हपर्यंत प्रत्येक वस्तूला गेल्या खेपेलाच दोरा बांधला गेला होता. कुणी बांधला ते सांगायला नकोच. दिवस मावळायला साळूबाई आली, दोरा बघितला, पेनड्राइव्ह उचलला आणि खाचराकडं निघाली.

बांधावर तिनं पेनड्राइव्ह लावला. कुत्री काही भुंकेनात. कान लावला तर कुणीतरी खोकलं. मग खुर्ची सरकल्यासारखं वाजलं. मग आणखी कुणी खोकलं, पहिल्यापेक्षा जुना खोकला. मग दहा-वीस माणसं हळू आवाजात कुजबुजावीत तसं काहीतरी. साळूबाईनं मागं वळून पाहिलं, मागं रान. तिला काही उलगडेना. पण एक गोष्ट तिला मनापासून पटली. कुत्र्याला डुक्कर फसणार नाही, पण माणसं बसून खोकतायत म्हटल्यावर डुक्कर पुढं पाऊल टाकेल का? हनुमंतानं डोकं लढवलं म्हणायचं. फक्त आवाज बारीक होता. तिनं बटण उजवीकडं फिरवलं ते अडेपर्यंत, आणि घरी येऊन चुलीवर भाकरी टाकली.

मागं खाचरात व्हायोलिनं कुरकुरली, बासऱ्या वाजल्या. घरापर्यंत त्यातलं थोडंथोडं येत होतं. मंगल म्हणाली, "कुणाच्या लग्नाची क्यासेट लावलीया?" तेवढ्यात ते थांबलं. सगळं शांत झालं. आणि मग एकदम तो आवाज आला.

कसा, ते सांगणं अवघड आहे. कानात यायच्या आधी तो पायात आला. माळ्यावरची पितळी घागर गुणगुणली. मांजर कणगीमागं गेलं. वाडीतली जेवायला बसलेली माणसं हातातला घास हातात घेऊन अंगणात आली.

"धरणाचा भोंगा!" हनुमंत ओरडला. "पानी सोडलं!"

मंगलनं गादीची वळकटी काखेत मारली. कुठं जायचं हे कुणालाच कळेना. वाडी नदीपासून एवढी वर, की तिथवर पाणी यायला त्याला एसटीनंच यावं लागलं असतं. पण हे सुचायला माणूस शांत असावा लागतो.

माऊली मात्र कानाला हात लावून उभा होता. "भोंगा न्हाई," तो म्हणाला. "पेटी हाय ही."

"पेटी?"

"पेटीच. सूर पेटीचाच हाय. पन भाता कोन मारतंय? डोंगर मारतोय का काय?"

आवाज चढत गेला, चढत गेला, आता आभाळ फाटणार असं वाटलं आणि तुटला. क्षणभर काहीच नाही. मग साळूबाईच्या खाचरातून टाळ्यांचा कडकडाट सुरू झाला. शेकडो माणसं टाळ्या वाजवत होती. कुणीतरी मध्येच आनंदानं ओरडलंसुद्धा. अंगणातली माणसं एकमेकांकडं बघत राहिली. दोघातिघांनी, उगाच कमी दिसायला नको म्हणून, हळूच टाळ्या वाजवल्या.

सकाळी खाचराच्या चिखलात एकही खूर उमटला नव्हता. शेजारच्या दोन खाचरांत डुकरं खुशाल फिरून गेली होती.

शेफाली रात्री प्रवासानं दमून, कानात इअरफोन घालून लवकरच झोपली होती. तिला जाग आली ती सकाळचा गलका ऐकून. ओट्यावर वाडी जमलेली, मधोमध आज्जी, हातात पेनड्राइव्ह.

"आज्जी! अगं तो माझा आहे! मॅडमनी ऐकायला दिलाय. उद्या परत द्यायचाय."

"आसू दे तुझा. हे हाय काय ते सांग."

शेफालीनं सांगितलं. फ्रान्समधल्या एका मोठ्या चर्चमध्ये झालेली मैफल. साठ-सत्तर माणसांचा वाद्यवृंद, आणि मधे तो मोठा आवाज येतो तो पाइप ऑर्गन. भिंतीएवढं वाद्य, त्याला हजारो पाइप, त्यांतून वारा सोडतात.

"हजारो?" मंगलनं विचारलं. "आन आपल्या वाडीला यक पाइप यायला दोन सरपंच बदललं."

"आणि हे लाइव्ह रेकॉर्डिंग आहे."

"म्हंजी?" साळूबाईनं विचारलं.

"म्हणजे समोर माणसं बसलेली असताना वाजवलेलं. सगळं खरं. कापाकापी नाही."

"म्हंजी ती मानसं खरी?"

"खरी."

"त्यो खोकतोय त्यो बी?"

"तोही खराच, आज्जी."

साळूबाईनं असं डोकं हलवलं, की आता सगळं समजलं. समजलं काहीच नव्हतं, पण खोकणारा खरा आहे एवढ्यावर तिचं भागलं.

माऊलीची अडचण निराळी होती. "हे वाजवतो कसं? यक हात भात्याला गेल्यावर?"

"भाता यंत्रावर चालतो. तो दोन्ही हातांनी वाजवतो. आणि पायांनीपण. खाली पायांच्या पट्ट्या असतात."

माऊलीच्या पेटीला कुणाचा पदर लागला तरी तो हात लावून कपाळाला नेतो.

"पायानं?" माऊली म्हणाला. "वाद्याला पाय लावतो? आन नमस्कार?"

"करत नसेल."

"करत न्हाई? येवढ्या मोठ्या वाद्याला रोज पाय लावायचा आन नमस्कार न्हाई?"

"करतो की," साळूबाई म्हणाली. ती जणू काही त्या माणसाच्या शेजारच्या घरात राहत होती. "मोठा आवाज यायच्या आधी सगळं थांबतंय बघ. तवाच करतो. वाकून करायला येळ लागतो मानसाला."

माऊलीला यावर इतकं बरं वाटलं, की तो पेटी घेऊन थेट बांधावर गेला आणि दुपारपर्यंत तो सूर शोधत बसला. सापडला म्हणे. पण पेटीत मावेना.

आता पेनड्राइव्ह तर पुण्याला जाणार, आणि मागणी अख्ख्या वाडीची. शेफालीला एसटीत बसवायला निघालेला हनुमंत वाटेत विंझरला थांबला, आणि पप्पूच्या मोबाईलच्या दुकानात त्यानं नक्कल काढायला सांगितली. साळूबाईही बरोबर होती. तिला असल्या कामात कुणावर भरवसा नसतो. पप्पू गिऱ्हाइकाला नाही म्हणत नाही, आणि गिऱ्हाइकानं सांगितलं तेवढंच करण्यात त्याला कमीपणा वाटतो. शेफाली आपला पेनड्राइव्ह घेऊन पुढच्या गाडीनं गेल्यावर त्यानं ती नक्कल कानाला लावून ऐकली आणि तोंड वाकडं केलं.

"मावशी, यात निम्म्याला तर काही नाहीच. लोकं खोकतात. मधे बंदच पडतंय. थांबा, भारी करून देतो."

त्यानं कापलं. खोकले गेले, खुर्च्या गेल्या, शांतता गेली, शेवटच्या टाळ्या गेल्या. राहिला नुसता तो डोंगर हलवणारा आवाज, एकामागं एक, पुन्हा पुन्हा. "आता कसं," पप्पू म्हणाला, "नुसता माल. फोलपाट काढलं." वाडीच्या प्रत्येक घरासाठी त्यानं एकेक नक्कल दिली.

त्या संध्याकाळी जे झालं त्याची आठवण काढली तरी मंगल कानाला पदर लावते. प्रत्येक खाचरात तोच आवाज, पण प्रत्येकानं आपापल्या सवडीनं सुरू केलेला. एकाचा चढतोय तर दुसऱ्याचा पडतोय. मार्गासनीतून कुणीतरी फोन करून विचारलं, वाडीत विमान उतरलंय का.

डुकरं दोन दिवस आली नाहीत. मग आली.

सकाळी साळूबाई बांधावर उभी राहिली तेव्हा खाचराचा रानाकडचा कोपरा लोळवून, चघळून, चिखलात मिसळून गेला होता. तिनं आरडाओरड केली नाही. एवढ्यानंच हनुमंत धावत आला.

"काकी, अजून लई हाय. अर्ध्याच्या वर हाय."

"आज रातच्याला तेबी जाईल."

ती खाली बसली आणि स्पीकर सुरू केला. दिवसाढवळ्या, उन्हात, तो आवाज दणदणत राहिला. ती ऐकत राहिली. एकदा, दोनदा. मग तिच्या कपाळावर आठी आली.

"माझी मानसं कुठं गेली?"

"कोन मानसं?"

"खोकनारी. त्यो जुन्या खोकल्याचा बाबा. टाळ्या वाजवनारी. हितं कुनीच न्हाई. ह्यो यकटाच बोंबलतोय. यकटा बोंबलतो त्याला कोन भितंय?"

माऊली मागं येऊन उभा होता. तो हळू आवाजात म्हणाला, "मानसांचं जाऊ द्या, वयनी. नमस्कार कापलाय पप्पूनं. मोठ्या आवाजाआधीचा. नमस्कार न करता वाजतंय ते. कसं लागू पडंल?"

दोघांचं बांधावरच जुंपलं. माणसं महत्त्वाची का नमस्कार. हनुमंताला दोन्ही पटत होतं आणि काहीच पटत नव्हतं. त्यानं शेफालीला फोन लावला. साळूबाईनं तो हिसकावून घेतला.

"शेफे, मला समदं पायजे. खोकल्यासकट. काय सोडायचं न्हाई."

"आज्जी, एवढी मोठी फाइल..."

"पोरी, सासूचं बियानं हाय हे. आज गेलं की गेलं."

शेफालीनं पाठवली. वाडीत रेंज नीट येते ती फक्त पाण्याच्या टाकीवर. हनुमंत त्या टाकीवर मोबाईल आभाळाकडं धरून दुपारभर उभा राहिला. खाली मंगल विचारत होती, "आलं का?" आणि तो म्हणत होता, "अर्धं फ्रान्स आलंय, अर्धं वाटंत हाय." दिवस मावळायच्या आत सगळं उतरलं, स्पीकरला लागलं, आणि खाचरात पुन्हा कुणीतरी खोकलं. साळूबाईच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं अगदी दिसलं. खोकणाऱ्याला उद्देशून ती म्हणाली, "आलास का रं बाबा."

डुकरं पुन्हा तिच्या खाचरात उतरली नाहीत.

आता यावर वाडीत एकमत आहे असं कुणी समजू नये. साळूबाई म्हणते, माणसांच्या चाहुलीनं. माऊली म्हणतो, नमस्कारानं. पण त्याच संध्याकाळी हनुमंतानं सलूनमधून ताज्या केसांचं नवं पोतं मागवून पसरलं होतं, हे तो दर दोन वाक्यांनंतर सांगतो. मंगल भैरवनाथाला नारळ बोलली होती. आणि पप्पूचं म्हणणं, त्याच सुमाराला पलीकडच्या अंगाला रताळी तयार झाली होती. डुकरं तिकडं गेली, यात फ्रान्सचा काय संबंध. साळूबाईनं हे सगळं ऐकून घेतलं आणि धोका नको म्हणून काहीच बंद केलं नाही. केस राहिले, साड्या राहिल्या, स्पीकरला आणखी एक दोरा बांधला गेला.

कापणीच्या दिवशी ऊन कोवळं होतं. सगळी वाडी विळे घेऊन तिच्या खाचरात उतरली. विरजणवाले तर सगळ्यांत पुढं. साळूबाईनं दिवसाही स्पीकर चालू ठेवायला लावला. "शेवटच्या दिशी राखनदार उठून गेलं तर बरं दिसत न्हाई," असं तिचं म्हणणं. व्हायोलिनच्या तालावर विळे चालले. मोठा आवाज यायच्या आधी सगळं शांत झालं तेव्हा माऊलीनं विळा खाली ठेवला आणि हात जोडले. त्याचं बघून दोघातिघांनी जोडले. कशाला, ते कुणी विचारलं नाही.

साळूबाई बियाण्याच्या लोंब्या स्वतः निवडत होती. एकेक भरली लोंबी, उभ्या उन्हात हातावर तोलून. चांगली मोठी पेंढी झाली. पुढच्या सालाला पुरून वर नैवेद्याला उरेल एवढी. तिनं ती वाखाच्या दोरीनं आवळली, गाठ मारली, वरून काळा दोरा बांधला आणि पेंढी डोक्यावर घेऊन कंबर सरळ केली.

नेमक्या त्याच वेळी टाळ्या सुरू झाल्या.

टाळ्यांचा तो पाऊस खाचरभर पडत राहिला. वाडीची माणसं हसायला लागली, मग हसता हसता थांबली. कारण साळूबाई गोंधळून तशीच उभी राहिली होती, डोक्यावर पेंढी, एक हात वर. मग तिनं दुसऱ्या हातानं पदर नीट केला आणि स्पीकरकडं बघून मान थोडी वाकवली. टाळ्या थांबेनात. शेवटी गर्दीतून तो ओळखीचा खोकला आला.

"बास झालं आता," साळूबाई त्याला म्हणाली. "समदी घरी जावा. आन तू रं बाबा, रातच्याला अडुळसा घे उकळून. साल झालं आता तुझं ऐकतीया मी."

"काकी, म्हैना बी झाला न्हाई," हनुमंत म्हणाला.

"तुला काय कळतंय त्यातलं," साळूबाई म्हणाली, आणि बांधावरून घराकडं निघाली.